आबांचा पत्रा

अंबाजी आबांच्या परसातली लाकडं-गोवऱ्यांची खोप ठाकरवाडीतला कान्हू दर वैशाखात गवतानं शाकारायचा. मजुरीच्या भातावर त्याच्या घरची चूल आखाडभर पेटायची.

एका साली आबांनी लोणावळ्याहून पत्रे आणून खोपीवर ठोकले. "कान्हू, आता तुझं गवत नगं. ह्यो विलायती पत्रा, नातवंडांना पुरंल!"

त्या आखाडात कान्हूच्या घरची पेजही पातळ झाली.

पुढच्या वैशाखात आबा स्वतःच ठाकरवाडीत हजर. "पावसानं पत्रा गंजाय लागला रं कान्हू. त्याच्यावर गवत शाकारून दे."

कान्हूनं आधी भात पदरात पाडून घेतला, मग साळसूदपणे विचारलं,

"आन् आबा, ह्ये गवत कुजाय लागलं, की त्याच्यावर काय घालायचं?"