निळा ठोकळा

पिंकीने निळा ठोकळा गालापासून काढून बादलीत टाकला. वेदिकाने सवयीने टाळी वाजवली आणि मग तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं. कोपऱ्यात लाल खूण लुकलुकत होती. कानामागे चुंबकाने चिकटणारी चकती सुटून पिंकीच्या फ्रॉकच्या कॉलरवर लोंबत होती. म्हणजे पोरीच्या कानात आवाज गेलाच नव्हता.

वेदिकाने पुन्हा बटण दाबलं, पण या वेळी नजर पिंकीच्या मागे बसलेल्या तिच्या आईवर, मायावर ठेवली. मायाचं एक बोट पुढे झालं, पोरीच्या पाठीला लागलं आणि परत मांडीवर आलं. पिंकीने दुसरा ठोकळा टाकला आणि शाबासकीसाठी वेदिकाकडे पाहिलं.

पिंकी जन्मापासून बहिरी. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कोराडीहून बसने दवाखान्यात यायचं आणि वेदिकाच्या तपासणीच्या खोलीत हा खेळ खेळायचा. आवाज आला की ठोकळा टाकायचा. जितक्या बारीक आवाजाला ठोकळा पडेल, त्या मापाने यंत्र लावायचं. पिंकी कधी चुकली नाही. अगदी नसल्यासारख्या आवाजालाही तिचा ठोकळा पडायचा, म्हणून यंत्रही तेवढ्याच हळू आवाजावर लावलेलं.

वेदिकाच्या संशोधनात बत्तीस मुलं होती. त्यांत पेशंट क्रमांक अकराचा, म्हणजे पिंकीचा, आलेख सगळ्यात देखणा. गेल्या महिन्यात परिषदेत तिने तो मोठ्या पडद्यावर दाखवला, तेव्हा भल्या भल्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. ही मुलगी बोलते का, हे कोणी विचारलं नाही. विचारायची ती मायाच, दर खेपेला. "आई कधी म्हणन जी मॅडम?" आणि वेदिका म्हणायची, "धीर धरा. रिपोर्ट छान आहे."

"कधीपासून करताय हे?" वेदिकाने विचारलं.

माया खाली बघत म्हणाली, "पहिल्या बारीपासून."

"पण का?"

"त्या दिवशी ती नुसती बसून राहिली होती. तुमचं तोंड उतरलं. सही घेतली त्या कागदावर लिहिलं होतं ना, पोरीनं जवाब नाही देला तर नाव कमी करू म्हणून. मले वाटलं, डोकं चिरून बसवलं तसं काढूनही घेतीन. मंग बटन दाबताना तुमचा खांदा हालला का मी बोट लावत होती. आन् तुमी टाळी वाजवली, मॅडम."

वेदिकाला आधी तिचा राग आला. चांगला सणसणीत आला. पण दोन वर्षांत आपण या बाईला एकदाही खुर्ची लांब घ्यायला सांगितलं नाही, हे आठवलं आणि त्या रागाचं काय करावं ते तिला कळेना. पोरगी आईपाशी गप्प बसायची, काम झटपट व्हायचं, बाहेर रांग असायची.

"घरी कसं आहे? ट्रकचा हॉर्न वाजला तर वळून बघते?"

"दिवसभर कोयल्याचे ट्रक जातात दारावरून. एकदाही नाही वळली."

"मग मला नेहमी 'ऐकते' का सांगितलंत?"

"तुमीच तर म्हणत होत्या, रिपोर्ट छान आहे म्हणून. मले वाटलं, मशीनले जास्त समजते."

दोन वर्षं. बोलणं शिकायची मोजकी वर्षं लेकराला मिळतात, त्यातली दोन या खोलीत टाळ्या वाजवून घालवली होती. वेदिकाला रडू येईलसं वाटलं. पण रडण्याचा पहिला हक्क समोरच्या बाईचा होता आणि ती रडत नव्हती.

तिने चकती पुन्हा चिकटवली. मायाला दाराजवळ बसवलं. "हात मांडीखाली घ्या."

मायाने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

वेदिकाने जुन्या मापापासून सुरुवात केली. पिंकी ठोकळा गालाला लावून बसली होती. काही नाही. आणखी एक पायरी, मग आणखी एक. पिंकी पाठ किंचित मागे झुकवून बसली होती. जुनं माप कधीच मागे पडलं. वेदिका एकेक पायरी चढवत होती आणि तिच्या त्या देखण्या आलेखातलं काहीच उरत नव्हतं.

मग एकदम पिंकीचे डोळे मोठे झाले. तिने छताकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं.

"आयकलं!" माया ओरडली. "मॅडम, आयकलं तिनं! टाक ना वं माय, टाक!"

ठोकळा गालालाच राहिला.

वेदिकाने पुन्हा तोच आवाज दिला. पिंकी पुन्हा दचकली. ठोकळा हलला नाही. तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

ती खुर्चीवरून उतरली. दाराजवळ गेली, आईच्या मांडीखालचा एक हात जोर लावून ओढून काढला, त्याचं बोट सरळ केलं. मग आईकडे पाठ करून ते बोट तिने आपल्या पाठीला लावलं, आणि ठोकळा गालाला धरून उभी राहिली.