विश्वासातला माणूस

"टीव्हीची वायर काढून टाकू का, बाबा?" मुलीनं हळूच विचारलं. "बिघडलाय म्हणून सांगू."

"मागच्या वेळचं विसरलीस?" चीफ म्हणाले.

मागच्या वेळी ऐन मालिकेच्या वेळेला वीज गेली होती, आणि मुलीची आई चीफना शोधायला अनवाणी जिना उतरून रस्त्यावर गेली होती. चीफ मागून हाका मारत धावत होते, पण अंधारात ते चीफ आहेत हे तिला पटेना.

चीफ म्हणजे नट. आयुष्यभर ते वकील झाले, डॉक्टर झाले, नायिकेचे वडील झाले, आणि कुणाच्याही लक्षात राहिले नाहीत. म्हातारपणी या मालिकेत गुप्तहेर खात्याचे प्रमुख झाले आणि घराघरांत पोचले. परग्रहावरचे लोक माणसांची रूपं घेऊन आपल्यात मिसळलेत आणि चीफ त्यांना हुडकून काढतात, अशी ती मालिका. तिचे रिवाज एव्हाना शेंबड्या पोरालाही पाठ झाले होते. खिडकीकडे तोंड करून बोलणारा हटकून परका. 'हे एवढं काम झालं की बायकोला फिरायला नेणार' असं म्हणणारा हेर पुढच्या जाहिरातीच्या आत मेलाच म्हणून समजा. आणि चीफची परीक्षा ठरलेली. संशयिताच्या पुढ्यात उकळता चहा ठेवायचा. माणूस असला तर फुंकर मारतो, परका असला तर गटागटा पितो.

बायको एकेकाला विसरत चालली होती. आधी नातवंडं गेली, मग पोटची मुलगी 'त्या ताई' झाली, आणि एक दिवस तिनं नवऱ्यालाही अदबीनं विचारलं, "आपण कोण?" त्या दिवशी ते बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडले. टीव्हीवरचे चीफ मात्र तिला पक्के ठाऊक होते. मग त्यांनीही हट्ट सोडला. नवरा म्हणून भरवायला गेलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. खर्जात "चीफ बोलतोय" म्हटलं की चार घास खायची, गोळ्या घ्यायची, निमूट झोपायची. आल्यागेल्याची ती चहावर परीक्षा घेई. डॉक्टरांनी एकदा घाईत फुंकर न मारताच घोट घेतला, तेव्हापासून बिचाऱ्यांची तपासणी दाराबाहेरूनच चालायची.

आणि आजच्या भागात चीफच परके निघणार होते.

लेखकाला त्यांनी विनवून पाहिलं होतं. "अरे, चीफच्या ड्रायव्हरला कर ना परका."

"काका, ड्रायव्हरवर लोकांचा पहिल्या भागापासून संशय आहे," लेखक म्हणाला होता. "ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास, तोच उलटला पाहिजे. नाहीतर धक्का कसला?"

'घरी एक बाई फक्त माझ्या हातून जेवते आणि हा भाग पाहिल्यावर जेवणार नाही,' एवढंच चीफना सांगायचं होतं. जन्मभर दुसऱ्याची वाक्यं बोलणाऱ्या माणसाला ते एक वाक्य काही जमलं नाही.

मालिकेचं संगीत सुरू झालं. बायको सोफ्यावर ताठ बसली. चीफ रोजच्यासारखे तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. आज तो जरा जास्तच घट्ट धरला.

पडद्यावर चीफ ऑफिसात एकटे होते. त्यांना वडिलांच्या जागी मानणाऱ्या हेरानं टेबलावर कप ठेवला. कपातून वाफा निघत होत्या. चीफनी कप उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग ढोल-ताशे म्हणावेत असा पार्श्वसंगीताचा गोंगाट. कॉलरच्या वर त्यांची मान निळी निळी चमकू लागली. हेरानं पिस्तूल रोखलं. चीफ खिडकीतून बाहेर उडी मारून पळाले आणि भाग संपला.

बायकोचा हात त्यांच्या हातातून निसटला.

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. वरपासून खालपर्यंत. मुलगी जागची उठली. आई किंचाळेल, पळेल, काय करेल याचा नेम नव्हता. चीफचा जीव टांगणीला लागला. नवरा होऊन भागत नव्हतं, म्हणून ते चीफ झाले होते. आता चीफही गेले. घालायला दुसरं सोंग उरलं नव्हतं.

"मी..." ते म्हणाले.

बायको उठली. तिनं खिडकीचे पडदे ओढून घेतले. दाराला आतून कडी लावली. परत आली आणि अंगावरची शाल काढून त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळली.

"मान झाकून ठेवा," ती कुजबुजली. "आणि बाहेर पडू नका. शोधतायत ते तुम्हाला."

"माझी भीती नाही वाटत?" त्यांनी विचारलं. खर्जाचं त्यांना भान राहिलं नव्हतं. आवाज त्यांचा स्वतःचा होता.

"कशाला वाटेल? रोज भरवता मला." तिनं त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. "इथेच राहा आता. आमचे हे येतीलच एवढ्यात. जरा तापट आहेत, पण आतून फार मऊ. तुम्ही घाबरू नका, त्यांना मी सांगते."