कारंजं नको

"कारंजं तेवढं नको," मीनाक्षी म्हणाली आणि मग तेच हिंदीत म्हणाली.

ज्युनिअर इंजिनिअर हरिदास यांनी नकाशावरून मान वर केली. गुडगावच्या त्या नव्या सेक्टरात पार्कासाठी सोडलेल्या जागेवर सहा वर्षं नुसतं गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा होता. आता कुठे मंजुरी आली होती, आणि ही बाई आपणहून देऊ केलेलं कारंजं नाकारत होती.

"मॅडम, सब लोग फाउंटन माँगते हैं."

"मच्छर होते हैं. उसकी जगह चार बेंच और दे दीजिए."

बाक कुठे हवेत तेही तिने ठरवून ठेवलं होतं. मधोमध नाही, तर अगदी कडेला, रस्त्याला लागून. अरुंद रस्त्याच्या पलीकडे तिचंच घर होतं. घराच्या दोन्ही अंगांचे प्लॉट रिकामे होते. मालक परदेशात, कधी बांधतील त्याचा पत्ता नव्हता.

हरिदास हसले. "घर के सामने रौनक चाहिए मॅडम को."

"चाहिए," ती म्हणाली.

१९९३ मध्ये लग्न होऊन मीनाक्षी सांगलीहून इथे आली, त्याला आता तीन वर्षं होत होती. परीक्षित एका परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सकाळी कंपनीची गाडी न्यायला यायची, संध्याकाळी सोडायला. दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नाही. म्हणूनच तिने पार्काचं मनावर घेतलं असणार, असं सगळे म्हणत.

मंजुरीच्या अर्जावर सह्या घ्यायला ती पहिल्यांदा गेली होती भानुमतीकाकूंकडे. काकूंच्या यजमानांची उभी हयात रेल्वेत गेली. तीस वर्षं दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून त्यांनी इथे घर बांधलं होतं, आणि काकूंचा जीव काही इथे रमत नव्हता.

"क्वार्टरमध्ये कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं गं," काकू म्हणाल्या. "इथे शेजारी मेला तरी तिसऱ्या दिवशी पेपरवाल्याकडून कळायचं."

"म्हणूनच पार्क हवं, काकू."

काकूंनी पहिली सही केली. मग दोघी मिळून दारोदार फिरल्या. पंजाबी, बंगाली, तमिळ, सगळ्यांच्या सह्या झाल्या. परीक्षितने ऑफिसात अर्ज टाइप करून घेतला, स्वतः जाऊन दिला, तीनदा पाठपुरावा केला. "नवरा असावा तर असा," काकू म्हणाल्या. मीनाक्षी हसली.

पार्काच्या कमिटीच्या बैठकीत ती फारशी बोलायची नाही, पण दोन गोष्टींवर अडून बसली. कडेने मेंदीचं दाट कुंपण लावू या, असं कुणीतरी म्हणालं. तिने साप येतील म्हणून नको म्हटलं. साधं बुटकं रेलिंग पुरे. भजनमंडळाला लाउडस्पीकर हवा होता. मुलांच्या परीक्षांचं कारण सांगून तिने तो बेतही हाणून पाडला.

नोव्हेंबरात काकूंच्या हस्ते फीत कापली. परीक्षितने मीनाक्षीच्या खांद्यावर हात ठेवून छोटंसं भाषण केलं. "ये मेरी वाइफ का पार्क है," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. काकूंचे डोळे भरून आले. "आजपासून आपण एकमेकांची माणसं," त्या म्हणाल्या.

आणि खरंच, पार्क भरू लागलं. उन्हं कलली की बायका मटार सोलायला, विणायला तिथेच येत. म्हातारे शेंगा फोडत बसत. मुलं धुडगूस घालत. सहाच्या सुमाराला मंडळी उठायला लागली की मीनाक्षी थर्मास भरून चहा आणायची. मग सात-साडेसातपर्यंत कुणी हलायचं नाही. ती स्वतः मात्र सातला उठायची. "हे येतील आता."

एकदा तिने विचारलं, "काकू, आमचा टीव्ही इथपर्यंत ऐकू येतो का हो?"

"येतो की! काल बातम्यांचा शब्द न् शब्द ऐकला."

"त्रास होतो का?"

"छे गं! उलट सोबत वाटते."

त्या रात्री मीनाक्षीला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी परीक्षित साडेसहालाच आला, तशी मीनाक्षी बाकावरून उठून घरात गेली. बाहेर बाकांवर मंडळी दाटीवाटीने बसली होती. त्याने चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, दाराला कडी घातली आणि कमरेचा पट्टा सोडला. तीन वर्षं ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून घेत आली होती. रिकाम्या प्लॉटांना ऐकवून काय करायचं? त्या दिवशी तिने सकाळपासून खिडकी सताड उघडी ठेवली होती. पहिला फटका बसला आणि ती ओरडली. मराठीत ओरडली, हिंदीत ओरडली, काकूंना हाका मारून ओरडली.

बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या. परीक्षितचा हात वरच्या वर थांबला. फाटक वाजतंय का, म्हणून दोघंही कान देऊन उभी राहिली.

मग कुणीतरी मांडीवरची टरफलं झटकली. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, जरा मोठ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपनीची गाडी गेल्यावर, काकू आल्या. त्यांनी झाकून शिरा आणला होता. मीनाक्षीच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि वाटी तिच्या हातात दिली.

"एक सांगू? राग मानू नकोस," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "संध्याकाळी खिडकी लावून घेत जा गं. पार्कात लहान मुलं असतात."