कुसाबाई बोलायला गेली

"ओरडू नका," साहेब म्हणाले. "हा भाजीबाजार नाही."

कुसाबाई ओरडत नव्हती. ती नेहमीसारखीच बोलत होती. सातपूरच्या त्या कारखान्यात बत्तीस बायका डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर बसत. सहा वर्षं त्या धडधडाटात काढल्यावर तिचा साधा आवाजच एवढा झाला होता. पण साहेबांच्या केबिनमध्ये पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. पाळणाघराची मागणी तिथे भांडणासारखी वाजली. साहेबांनी दाराकडे बोट केलं.

दुसऱ्या खेपेला ती जपून गेली. नजर फरशीवर, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, आवाज इतका बारीक की तिचा तिलाच ऐकू येईना. साहेब कागदांवर सह्या करत राहिले. "बघू," एवढंच म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

"एकदा वाघीण, एकदा शेळी," जेवणाच्या सुट्टीत नवसाबाई म्हणाली. "माणसासारखं कधी बोलणार गं तू?"

बाकीच्या हसल्या. नवसाबाई हसता हसता लेकराला पाजत होती. चार महिन्यांचं पोर. पिताना त्याची मूठ आईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीला घट्ट धरून होती, कोणी ओढून नेईल अशी. कारखान्याच्या भिंतीला लागून बाहेर एक कडुलिंब होता. त्याला पाच झोळ्या टांगलेल्या. नवसाबाईची सासू धोंडाबाई दिवसभर त्या हलवत बसायची. सकाळी सातला आत गेलेली आई दुपारी बारालाच बाहेर यायची. मधे गेट उघडत नसे.

"निजून राहत्यात पोरं," धोंडाबाई रोज सांगायची. "तुम्ही घोर नका करू. बोटं जातील मशीनमधी."

कुसाबाईची दोन्ही पोरं याच झाडाखाली वाढली होती. ती हसली नाही. डब्यातली भाकरी तशीच ठेवून म्हणाली, "मी केबिनमधी वाघीण नि शेळी. शेडमधी कधी हाय का? तिथं मी बोलले ते आजवर कुणाला कळलं नाय असं झालंय?"

झालं नव्हतं. शेडमध्ये मशीनच्या धडधडाटात तोंडानं कोणी बोलतच नसे. सगळं हातांनी चाले. मनगटावर दोन बोटं ठेवली की सुट्टीला किती वेळ आहे. कपाळाशी हात नेऊन टोपी सारखी केली की नाथा मुकादम येतोय. दोन्ही हात छातीशी धरले की पोरगं. तळवा उताणा करून हळूहळू खाली आणला की मशीन बंद. आणि एक नियम सगळ्या पाळत. समोरचीची नजर मिळेपर्यंत हात उचलायचा नाही. नजरेवाचून केलेली खूण वाया जाते.

"मग साहेबालाच आपल्या घरी, शेडमधी येऊ दे," कुसाबाई म्हणाली. "तिथं मला बोलता येतं."

शुक्रवारी अकराच्या सुमाराला साहेब शेडमध्ये फेरीला आले. मागे नाथा मुकादम. कुसाबाई स्टुलावरून उठली आणि वाटेत उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला. हात दोन्ही बाजूंना मोकळे. नजर थेट साहेबांच्या डोळ्यांत.

साहेबांचे ओठ हलले. मशीनच्या आवाजात एक अक्षर आलं नाही. नाथा तिच्या कानाशी येऊन ओरडला, "बस खाली! साहेब म्हणतात, बस खाली!"

ती बसली नाही. साहेबांवरची नजर काढून तिनं सगळ्या शेडकडे पाहिलं. घाई केली नाही. एकेकीचे डोळे मिळेपर्यंत थांबली. मग हात उचलला. तळवा उताणा. हळूहळू खाली.

पहिलं मशीन नवसाबाईनं बंद केलं. मग शेजारचं. मग पलीकडची रांग. एकेक आवाज कमी होत गेला. शेवटचं मशीन कुसाबाईचं होतं. तिनं मागे हात नेऊन बटण दाबलं.

"उद्या गेटवर एकीलाही कार्ड मिळणार नाही," साहेब म्हणाले. आता प्रत्येक शब्द प्रत्येकीला ऐकू आला. कार्ड नाही म्हणजे काम नाही. कोणी बटणाकडे हात नेला नाही. बत्तीस जणी नुसत्या साहेबांकडे पाहत राहिल्या.

साहेबांनी रुमाल काढला, परत खिशात ठेवला. पहिल्यांदाच ते कुसाबाईकडे नीट पाहत होते. "बरं. बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

तिनं तीन वाक्यं पाठ करून आणली होती. पहिलं ओठांवर आलंही.

तेवढ्यात कानांतली धडधड ओसरली आणि कडुलिंबाकडच्या भिंतीतल्या वरच्या जाळीतून रडणं आत आलं. आधी एक, मग दुसरं, मग सगळीच. नुकतंच उठून दूध मागणारं रडणं नव्हतं ते. बराच वेळ रडून घसा बसलेल्या पोराचं होतं. मधेच श्वास अडके आणि पुन्हा सुरू होई. त्यामागे धोंडाबाईचा थकलेला आवाज, "उगी रं, उगी. बारा वाजू दे."

नवसाबाईची चोळी समोरून ओली होत गेली. तिनं पदर घेतला नाही. तिला भानच नव्हतं. ती जाळीकडे बघत होती.

साहेबांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. नाथानं टोपी काढून हातात घेतली.

"रोज असंच रडतात?" साहेबांनी विचारलं.

कुसाबाईनं पाठ केलेली तिन्ही वाक्यं सोडून दिली. आता तिचा आवाज ना मोठा होता, ना बारीक.

"काय ठाऊक, साहेब," ती म्हणाली. "आम्हालाबी आजच ऐकू आलं."