अम्राचं उलटं आकाश

"या फटी बाण मारण्यासाठी ठेवल्यात असं सगळ्यांना वाटतं," अनय इंग्रजीत सांगत होता. "पण त्या किती उंच आहेत बघा. तिरंदाजाला शिडीवरच उभं राहावं लागेल! या फटी उजेडासाठी आहेत. वाऱ्यासाठी."

त्याच्या फोनचा कॅमेरा भिंतीवरून सावकाश वर गेला. जॉर्डनच्या वाळवंटात खरानाचा किल्ला एकटाच उभा होता. आसपास गाव नाही, झाड नाही. तेराशे वर्षांपूर्वी तो कुणी आणि कशासाठी बांधला, हे आजही कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

तिथे ऊन कललं होतं. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, अजून उजाडायचं होतं. सुवर्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. कानांवर हेडफोन, कॅमेरा बंद, माइक बंद. पडद्यावरच्या तिच्या चौकोनात नाव होतं 'लिंडा'.

पाठीमागे पावलं वाजली तशी तिने लॅपटॉप अर्धा मिटला आणि एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"भजनी मंडळ का?" गुरुनाथांनी विचारलं. त्यांच्या हातात चहाचा मग होता.

"हो."

"चालू दे. बर्फ वितळायला लागलाय. खालचा पंप बघून येतो, नाहीतर पाणी भरेल."

ते बेसमेंटचा जिना उतरून गेले. शनिवार आला की तो पंप काहीतरी कुरकुर करायचाच. सुवर्णाच्या ते पथ्यावर पडायचं.

या घरात त्यांच्या मुलाचं, अनयचं नाव शेवटचं निघून चार वर्षं झाली होती. सांता क्लाराची नोकरी सोडून जुन्या वास्तूंची डागडुजी शिकायला जॉर्डनला चाललोय, असं त्याने याच टेबलाशी बसून सांगितलं होतं. "दगडांवरची धूळ झाडायला तुला इंजिनिअर केलं?" गुरुनाथ कडाडले होते. "जायचं असेल तर जा. मग हे घर तुझं नाही." सुवर्णा ओट्याला टेकून उभी होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. अनयने आधी वडिलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मला फोन करू नका. दोघांनीही," तो म्हणाला, आणि गेला.

मग मागच्या हिवाळ्यात शेजारच्या राधिकाने एक लिंक पाठवली. 'काकू, हा तुमचा अनयच ना? घरबसल्या वाळवंटातले किल्ले दाखवतो म्हणे!' तेव्हापासून सुवर्णाने एकही शनिवार चुकवला नव्हता.

गाडीतून उतरून अनय आता कुसैर अम्रा या छोट्या महालाकडे चालत होता. बाहेरून तीन ठेंगण्या कमानी आणि एक घुमट, एवढंच. पडद्यावर प्रश्न उमटला. विस्कॉन्सिनचा फ्रँक! हा माणूस दर वेळी यायचा, कॅमेरा बंद ठेवून लांबलचक प्रश्न लिहायचा आणि तिच्या मुलाचा वेळ खायचा.

'विहीर किती खोल आहे? पाणी टाकीत कसं चढवत?'

अनय हसला. "फ्रँक, तुम्हाला पाण्याशिवाय काही दिसतच नाही! हे बघा. इथे जनावर गोल फिरायचं, चाक फिरायचं आणि पाणी वर यायचं. तिथून हमामात. उमय्या घराण्यातला एक राजपुत्र भर वाळवंटात गरम पाण्याने आंघोळ करायचा."

तो आत शिरला. क्षणभर सगळं काळं झालं. मग बॅटरीचा उजेड भिंतीवर पडला, आणि सुवर्णाचा हात आपोआप तोंडाशी गेला. माणसं होती. नाचणारी, कुस्ती खेळणारी, दगड घडवणारी. रानगाढवांच्या मागे धावणारी कुत्री होती. एक अस्वल मांडीवर वाद्य घेऊन वाजवत बसलं होतं.

अनय शेवटच्या खोलीत गेला आणि त्याने उजेड घुमटावर धरला.

"आकाश," तो कुजबुजला. "नक्षत्रं. पण नीट बघा, ती उलटी आहेत. आपण खालून बघतो तशी नाहीत. आकाशाच्या पलीकडे उभं राहून कुणी आत डोकावावं, तशी."

सुवर्णा बघत राहिली. कुणीतरी मान मोडेपर्यंत वर बघत हे तारे रंगवले होते. त्याचं नाव गेलं, राज्य गेलं, आणि तारे तिथेच होते. अनयचा आवाज कापत होता. इतक्या वेळा दाखवूनही कापत होता. हा मुलगा तिथे का गेला, हे तिला पहिल्यांदाच लख्ख कळलं.

बाहेर आल्यावर त्याने फोन स्वतःकडे वळवला. केस वाऱ्याने विस्कटले होते. मागे सूर्य बुडत होता.

"एक सांगायचंय. ही माझी शेवटची टूर. उद्या मी दक्षिणेला एका उत्खननावर जातोय. तिथे नेटवर्क नाही, आणि हा नंबरही बंद होईल. तुमचे चेहरे मी कधी बघितले नाहीत. निदान आवाज ऐकू द्या. प्लीज, अनम्यूट करा."

ओहायोच्या दोघी बहिणींनी त्याचे आभार मानले. एका शाळामास्तरांनी शुभेच्छा दिल्या.

सुवर्णाने बोट माइकच्या बटणावर नेलं. तिचा आवाज ऐकून त्याने कॉल तोडला तर? पण चार वर्षांपूर्वी गप्प राहून तिने काय मिळवलं होतं? तिने श्वास घेतला.

तेवढ्यात फ्रँकचा माइक सुरू झाला. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी घसा खाकरला.

"अन्या," फ्रँक मराठीत म्हणाला, "ऊन गेलं रे. स्वेटर घाल."

सुवर्णाने हेडफोन ओरबाडून काढले. तरी तोच आवाज ऐकू येत होता, बेसमेंटच्या जिन्यातून.