टाचेमागचं हाड

२०१९ साली विरारच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि टाचेच्या वर बोट ठेवलं.

"ही धोंडशीर. दोरीसारखी लवचीक हवी. हिच्यात हाड धरलंय, चांगलं बोटभर."

फ्लॉसी शाळेत खेळ शिकवायची. आठ महिन्यांपूर्वी खो-खोच्या मैदानावर तिच्या टाचेमागे काडकन वाजलं, तेव्हापासून ती रजेवर होती. शाळेने महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर पळता आलं नाही तर नोकरी जाणार.

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. बोळिंजला केळीची वाडी सांभाळणाऱ्या या प्रेमलताबाईंच्या हाताला गुण होता. मुरगळलेले पाय घेऊन लोक आगाशीहून यायचे. त्यांच्या घरातला पाय डॉक्टरकडे जाणं म्हणजे त्यांचीच नाचक्की.

"ताज्या दुखापतीवर जोर पडला की कधी कधी असं होतं," डॉक्टर म्हणाले. "कुणी चोळलाय?"

प्रेमलताबाईंनी हात पदराखाली घेतले.

"मीच," फ्लॉसी घाईने म्हणाली. "टीव्ही बघता बघता दाबत बसायचे."

डॉक्टरांनी तिची नाजूक बोटं पाहिली. बाहेर कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला.

"खोटं सांगते ती." प्रेमलताबाईंचे हात बाहेर आले. "मी चोळला. आठ महिने, रोज संध्याकाळी, खोबरेल लावून. आत गाठ लागली, तर म्हटलं वात धरलाय. आणखी जोर केला."

"जीव जात असेल हो तुमचा," डॉक्टर फ्लॉसीला म्हणाले. "नको म्हणायचं ना!"

फ्लॉसी वाकून चप्पल घालू लागली.

ऑपरेशन झालं. मैदान सुटलं. शाळेने तिला ग्रंथालयात घेतलं. जिना उतरताना ती अजून कठडा धरते. प्रेमलताबाईंनी पुन्हा कुणाच्या पायाला हात लावला नाही. संध्याकाळी मात्र त्या फ्लॉसीच्या पायाशी येऊन बसायच्या, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. गेल्या माघात त्या गेल्या.

तेराव्याला धाकटी जाऊ हेमांगी म्हणाली, "कमाल आहे वहिनी तुमची, आठ महिने पाय चोळू दिलात. आम्ही असतो तर पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं."

"चर्चमध्ये लग्न लावलं म्हणून सात वर्षं माझ्याशी अक्षर बोलल्या नव्हत्या," फ्लॉसी म्हणाली. "पाय हातात घेतला की बोलायच्या."