कोर्टाने वाटलेली अमावास्या

कोर्टाने घटस्फोट देताना मुलीचे सणही वाटून दिले: लक्ष्मीपूजनाला नूपुर मराठी बाबाकडे, कालीपूजेला बंगाली आईकडे. दोन्ही सण एकाच अमावास्येला येतात, हे नामांकित वकिलांच्या ध्यानातच आलं नाही. त्या संध्याकाळी अजिंक्य पूजेची नवी केरसुणी घेऊन हावड्याहून थेट सॉल्ट लेकला सुदेष्णाच्या दारात उभा राहिला. “झाडायला आलास?” तिने संसारात कमावलेल्या मराठीत विचारलं. “लेकीला नेल्याशिवाय हलणार नाही.” “नेऊन तर दाखव!” दोघांचंही म्हणणं कायदेशीर होतं. तेवढ्यात नूपुर येऊन उंबरठ्यावर मांडी ठोकून बसली. “आता मी दोघांकडे आहे. करा तुमच्या पूजा!” उचलायला गेले, तर चौकट सोडेना. हट्ट आईचा की बापाचा, यावरही खटला चालला असता. शेवटी सुदेष्णाने चौरंग दारातच मांडला. कालीमातेशेजारी केरसुणी बसली. वरच्या मजल्यावरच्यांना प्रसाद घेतल्याशिवाय जिना चढता येईना.